फुकटचे इंजिन की विकतचे? माझ्या वीस डावांचा निकाल आणि एक प्रश्न

पटावरचा_भुसावळकर | १७ मे, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

भुसावळला मी संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. सध्या चौदा मुले येतात, त्यातल्या चौघांना फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचे, रेटिंग आले आहे. परवा रावेरकडच्या एका पालकांनी विचारले, "सर, पोराला चांगले इंजिन विकत घेऊन देऊ का? दहा-बारा हजारांपर्यंत जाऊ." इंजिन म्हणजे चांगली चाल शोधून देणारा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम. पोरगा तेरा वर्षांचा. त्यांची केळीची बाग आहे. यंदाच्या वादळात अर्धी आडवी झाली, तरी पोरासाठी पैसे काढायची तयारी आहे. अशा माणसाला अंदाजाने उत्तर द्यायचे नाही, मोजून द्यायचे असे मी ठरवले.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी विकत घेतलेले एक इंजिन आहे. त्याच्याच प्रोग्रॅममध्ये स्टॉकफिश १७ हे फुकटचे इंजिन जोडले आणि दोघांचा सामना लावला. वीस डाव, प्रत्येक बाजूला पाच मिनिटे. स्टॉकफिशने ४ जिंकले, विकतच्याने २ जिंकले, १४ बरोबरीत सुटले. म्हणजे ११ विरुद्ध ९.

मला हे अनपेक्षित होते. स्टॉकफिश फार पुढे आहे असे सगळे सांगतात, आणि इथे तर फरक जेमतेम. जुने विकतचे इंजिन एवढे टिकत असेल, तर आजचे नवे विकतचे स्टॉकफिशच्या पुढे असेल का? त्या पालकांना काय सांगू? रविवारी ते पुन्हा येणार आहेत.

अमळनेरी | १७ मे, रात्री १०:२५

सर, पालकांना उत्तर देण्याआधी मोजणे ही गोष्ट फार आवडली. पण या वीस डावांवरून काहीच ठरत नाही.

हिशेब असा. २० पैकी ११ गुण म्हणजे ५५ टक्के. इलो या रेटिंग काढायच्या सूत्रात ५५ टक्के म्हणजे साधारण ३५ गुणांची आघाडी. पण तुमच्या डावांत बरोबरीचे प्रमाण ७० टक्के आहे हे धरून चूक किती असू शकते ते काढले, तर खरी टक्केवारी ४३ ते ६७ मध्ये कुठेही असू शकते. इलोत सांगायचे तर उणे ५० पासून अधिक १२० पर्यंत. म्हणजे तुमचे विकतचे इंजिन ५० गुणांनी सरस असले तरी हा निकाल लागू शकतो, आणि १२० गुणांनी कमजोर असले तरी लागू शकतो. चूक दहा गुणांच्या आत आणायची तर चौदाशे-दीड हजार डाव लागतील.

स्टॉकफिशवाले हेच करतात. २०१३ पासून त्यांची फिशटेस्ट नावाची व्यवस्था आहे. जगभरचे लोक आपापल्या संगणकाचा मोकळा वेळ तिला देतात, आणि कोडमधल्या एकेका छोट्या बदलासाठी हजारो डाव खेळवले जातात. दोन-तीन गुणांची सुधारणाही त्या चाळणीतून गेल्याशिवाय आत येत नाही. विकतचे इंजिन बनवणारी माणसे दोन-चार असतात, कितीही हुशार असली तरी एवढे डाव खेळवायला त्यांच्याकडे एवढी यंत्रे नसतात. माझ्या मते फुकटचे पुढे जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

आता पाच गोष्टी सांगा: दोन्ही इंजिनांना थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) किती दिले, हॅश (पाहिलेले लक्षात ठेवायची मेमरी) किती, पाँडर चालू होते की बंद, ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार चालींचा साठा) कोणाचे होते, आणि लॅपटॉप कुठे ठेवला होता?

पटावरचा_भुसावळकर | १७ मे, रात्री ११:०५

अमळनेरी भाऊ, सेटिंगला मी हातच लावला नव्हता. आता उघडून पाहिले. स्टॉकफिश: थ्रेड १, हॅश १६ एमबी. विकतचे: थ्रेड ४, हॅश १ जीबी, ते त्याने आपणहून घेतले. पाँडर दोघांचे चालू. ओपनिंग बुक विकतच्या इंजिनाबरोबर आलेले.

लॅपटॉप चार कोअरचा. वरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला होता, दुपारी दोन ते साडेपाच. पण खोलीचा काय संबंध?

अमळनेरी | १७ मे, रात्री ११:३०

खोलीचाच मोठा संबंध आहे. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. माझ्या लॅपटॉपवर स्टॉकफिश सकाळी सेकंदाला ३० लाखांच्या आसपास पोझिशन पाहते, दुपारी कूलर नसला तर तोच आकडा २० लाखांच्या खाली येतो. आणि लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला की आणखी खाली. वेग सगळा वेळ सारखा घटला तर दोघांचे नुकसान सारखे. पण तो कधी एकाच्या चालीवर घटतो, कधी दुसऱ्याच्या.

बाकीचे तर अजून गंभीर आहे. थ्रेड १ आणि हॅश १६ एमबी ही स्टॉकफिशची मूळ सेटिंग आहे. वापरणाऱ्याने ती वाढवायची असते. म्हणजे तुमच्याकडे एक पैलवान एका हाताने लढत होता आणि दुसरा चार हातांनी. त्यात पाँडर चालू, म्हणजे समोरच्याच्या वेळेत विचार करायचा. चार कोअरवर एकाचे चार थ्रेड आणि दुसऱ्याचा एक एकाच वेळी धावत असतील, तर स्टॉकफिशला पूर्ण एक कोअरही मिळत नाही. हे सगळे सोसून ते ११-९ जिंकले.

तापीकाठ | १८ मे, सकाळी ६:५०

मी रेल्वेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. पंचवीसेक वर्षे इंजिने वापरतो आहे, म्हणून थोडे जुने सांगतो. विकतचे म्हणजे भारी हा समज लोकांच्या मनात उगाच बसलेला नाही. एके काळी ते खरेच होते.

१९९७ मध्ये डीप ब्लूने कास्पारोव्हला ३.५–२.५ ने हरवले, पण ते यंत्र घरी आणण्यासारखे नव्हते. आपल्यासारख्यांना मिळायचे ते फ्रिट्झ, श्रेडर, हायार्क्स. २००६ मध्ये बॉनला डीप फ्रिट्झने जगज्जेत्या क्रामनिकला ४–२ ने हरवले. दुसऱ्या डावात क्रामनिकला एका चालीतली मात दिसली नाही. त्या फ्रिट्झची सीडी बाजारात मिळत होती. त्याच सुमारास रिब्का आले, आणि पुढची चार-पाच वर्षे रेटिंगच्या याद्यांत त्याच्या जवळ कोणी नव्हते. फुकटची इंजिने तेव्हा खूप मागे होती. मीही एका दुकानातून पगाराच्या मानाने जड वाटणारी किंमत देऊन सीडी आणली. घरी आल्यावर कळले की आतली आवृत्ती खोक्यावर लिहिलेल्यापेक्षा जुनी. दुकानदाराने परत घेतली नाही. ते अजून मनात आहे.

मग २०११ मध्ये संगणक-बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रिब्काची विजेतेपदे काढून घेतली. त्यात क्राफ्टी आणि फ्रूट या इंजिनांचे कोड वापरल्याचा ठपका होता. फ्रूट हे फाबियाँ लेतूझे यांचे. त्यांनी २००५ पर्यंत त्याचा कोड सगळ्यांना खुला ठेवला होता, आणि तो वाचून एक पिढी इंजिन लिहायला शिकली.

स्टॉकफिश २००८ चे. नॉर्वेच्या टॉर्ड रोमस्टाड यांचे ग्लाउरुंग नावाचे खुले इंजिन होते, ते इटलीच्या मार्को कोस्ताल्बा यांनी पुढे नेले. नॉर्वेत पकडायचा आणि इटलीत शिजवायचा असा सुका मासा, म्हणून स्टॉकफिश हे नाव. नंतर कोमोडो आणि हुडिनी ही विकतची इंजिने काही वर्षे बरोबरीने लढली. टीसीईसी ही इंजिनांची स्पर्धा कोमोडोने २०१३, २०१४ आणि २०१५ मध्ये जिंकली आहे. त्यामुळे कोणी दहा-बारा वर्षांपूर्वी विकतचे घेतले असेल तर त्याने चूक केली असे मी म्हणणार नाही.

शिरपूरकर | १८ मे, सकाळी ८:१५

काका, भारी माहिती. मना पोऱ्या बी हाईच इचारस, "पप्पा, फोनमा जे शे ते खरं शे का?" त्याच्या फोनवर ड्रॉइडफिश हे ॲप आहे, फुकटचे, आत स्टॉकफिश. साध्या फोनवरचे स्टॉकफिश आणि पैसे भरून घेतलेले, यात दहा वर्षांच्या पोराला काही फरक पडेल का?

अमळनेरी | १८ मे, सकाळी ९:०२

शिरपूरकर दादा, नाही पडणार. मॅग्नस कार्लसनचे आजवरचे सर्वोच्च रेटिंग २८८२, मे २०१४ मधले. साध्या फोनवरचे स्टॉकफिश त्यालाही हरवेल. पण इंजिनांच्या याद्यांतले ३५००-३६०० हे आकडे फिडेच्या आकड्यांशी जुळवू नका. ती रेटिंगे इंजिनांनी आपसांत खेळून ठरलेली आहेत, माणसांच्या रेटिंगशी त्यांचा सांधा जोडलेला नाही. दुकानात किंवा जाहिरातीत "३४०० रेटिंग" असे लिहिलेले दिसले तर कोणत्या यादीचे, किती वेळेच्या डावांचे, किती कोअरवर, हे विचारायचे. इंजिनांची रेटिंगे काढणाऱ्या सीसीआरएलची यादी पाहा: प्रत्येक रेटिंगपुढे अधिक-उणे चुकीचा आकडा आणि डावांची संख्या दिलेली असते. रेटिंगच्या आधी मी तेच वाचतो.

धुळे_ई४ | १८ मे, दुपारी १२:२०

मी गेली सहा वर्षे रेटिंग स्पर्धा खेळते आणि विकतचा प्रोग्रॅम वापरते. पैसे वाया गेले असे मला वाटत नाही, म्हणून लिहिते.

ताकदीचा मुद्दा मान्य. पण मी पैसे ताकदीसाठी दिलेच नव्हते. प्रतिस्पर्ध्याचे डाव दोन क्लिकमध्ये काढणे, माझ्या ओपनिंगची फाईल नीट ठेवणे, ग्रँडमास्टरांनी टिपणे लिहिलेले लाखो डाव हाताशी असणे, हे मला त्यातून मिळते. स्पर्धेत रात्री दहाला जोड्या लागतात आणि सकाळी नऊला पटावर बसायचे असते. तेव्हा वेळ वाचतो तो या सोयींमुळे. इंजिन म्हणाल तर त्या प्रोग्रॅममध्ये मी चालवते ते स्टॉकफिशच. यूसीआय ही इंजिन आणि प्रोग्रॅम यांच्यातली बोली २००० सालापासून आहे, त्यामुळे कुठलेही इंजिन कुठल्याही प्रोग्रॅमला जोडता येते.

अमळनेरी | १८ मे, दुपारी १२:५५

ताई, पटले, पण थोडे अडवतो. डाव शोधायला स्किड व्हर्सेस पीसी आहे, लिचेस या साइटचा ओपनिंग एक्सप्लोरर आहे, दोन्ही फुकट. तेरा वर्षांच्या मुलाला याहून जास्त लागत नाही.

धुळे_ई४ | १८ मे, दुपारी १:३०

तेरा वर्षांच्या मुलाला नाही लागत, हे खरे. पण १८०० रेटिंगच्या पुढे गेल्यावर निवडून ठेवलेल्या, टिपणे असलेल्या डावांची किंमत कळते. स्किड मी वर्षभर वापरले आहे. सगळे करता येते, वेळ जास्त जातो. भुसावळकर सरांनी पालकांना "विकतचे घेऊ नका" असे सरसकट सांगू नये. "इंजिनसाठी घेऊ नका" एवढे नक्की सांगावे.

आणि फॅट फ्रिट्झ २ चा मुद्दा इथे यायला हवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या चेसबेस कंपनीने ते सुमारे शंभर युरोला काढले. आत स्टॉकफिशचे कोड होते, वर वेगळे न्यूरल नेट, म्हणजे पोझिशनची पारख करायला शिकवलेला भाग. स्टॉकफिशच्या लोकांनी जुलै २०२१ मध्ये म्युनिकच्या न्यायालयात दावा लावला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. त्या काळात माझ्या ओळखीच्या दोघांनी ते नवे स्वतंत्र इंजिन समजून घेतले होते.

तापीकाठ | १८ मे, दुपारी ४:१०

ताईंनी विषय काढला म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण यात लोकांचा घोळ होतो. स्टॉकफिश विकणे हा गुन्हा नाही. त्याचा जीपीएल परवाना विकायची मुभा देतो. अट एवढीच की ज्याला द्याल त्याला कोडही द्या आणि पुढे वाटायचा हक्कही द्या. वाद पैशाचा नव्हता, ती अट पाळली गेली नाही याचा होता.

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत हे किती बरे आहे: फुकट आणि मुक्त. हुडिनीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या फुकट होत्या, मुक्त नव्हत्या. २०११ मध्ये दुसरी आवृत्ती पैशांना विकायला लागले आणि फुकटचा झरा आटला. मुक्त असलेले असे आटत नाही. उद्या स्टॉकफिशची सगळी माणसे थांबली तरी कोड घेऊन दुसरे कोणी पुढे जाईल. ग्लाउरुंगचे स्टॉकफिश झाले ते असेच.

केळीबाग | १८ मे, रात्री ८:४५

नमस्कार. ते पालक मीच. सरांनी धागा दाखवला. एवढ्या लोकांनी माझ्या मुलासाठी वेळ काढला, मनापासून आभार. मला बुद्धिबळातले काही कळत नाही, म्हणून विचारतो. फुकट असून ते सर्वांत ताकदवान कसे? आमच्या धंद्यात फुकट आलेल्या रोपावर कोणी भरवसा ठेवत नाही. टिश्यू कल्चरचे रोप पैसे मोजूनच आणावे लागते.

अमळनेरी | १८ मे, रात्री ९:३०

दादा, चांगला प्रश्न आहे. इथे रोप फुकट असले तरी त्यामागची मेहनत फुकट नाही, ती बऱ्याच जणांनी वाटून घेतली आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंडने अल्फाझीरो नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला. त्याने स्टॉकफिश ८ विरुद्ध शंभर डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. त्या सामन्याच्या अटींवर बरीच टीका झाली. वर आपण थ्रेड-हॅशचे बोललो तसेच प्रश्न तिथेही विचारले गेले. पण एक गोष्ट निर्विवाद होती. पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या शोधनिबंधात आकडे आहेत: अल्फाझीरो सेकंदाला साधारण ६० हजार पोझिशन पाहायचा, स्टॉकफिश ६ कोटी. हजारपट कमी पाहून तो सरस होता, कारण प्रत्येक पोझिशनची पारख जास्त खोल होती.

डीपमाइंडने ते कोणाला दिले नाही, विकलेही नाही. मग हौशी लोकांनी २०१८ मध्ये तीच कल्पना घेऊन लीला चेस झीरो सुरू केले. इंजिनने स्वतःशी खेळायचे ते कोट्यवधी डाव लोकांनी आपापल्या घरच्या ग्राफिक्स कार्डांवर खेळवले. २०१९ मध्ये लीलाने टीसीईसी जिंकली. दुसरीकडे जपानमध्ये यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या तिथल्या खेळासाठी असे छोटे न्यूरल नेट बनवले जे साध्या प्रोसेसरवर वेगाने चालते. त्याला एनएनयूई म्हणतात. २०२० मध्ये ते स्टॉकफिशमध्ये आले आणि सप्टेंबरमध्ये स्टॉकफिश १२ निघाले. त्यानंतर स्टॉकफिशचे नेट शिकवायला लीलाच्या डावांची माहिती वापरली जाऊ लागली. दोन्ही प्रकल्प मुक्त, म्हणून एकाचे पीक दुसऱ्याच्या बियाण्याला उपयोगी पडले. बंद दारामागे हे झाले नसते.

विकतच्यांत कोमोडो ड्रॅगननेही २०२० मध्ये हेच तंत्र घेतले. ते उत्तम इंजिन आहे, आघाडीच्या गटात आहे, पण स्टॉकफिशच्या खालीच. चेस डॉट कॉमचे टॉर्च २०२३ चे, फार ताकदवान, पण ते विकत मिळत नाही. आणि ओब्सिडियन, बर्सर्क, प्लेंटीचेस अशी मुक्त इंजिनेही वरच्या रांगेत आहेत.

लीला घेऊ नका एवढे मात्र सांगतो. चांगल्या ग्राफिक्स कार्डाशिवाय तिची खरी ताकद दिसत नाही, आणि ते कार्ड तुमच्या दहा-बारा हजारांत येणार नाही.

पटावरचा_भुसावळकर | २२ मे, सकाळी ७:३५

अमळनेरी भाऊंनी सांगितले तसे पुन्हा केले. तीन दिवस पहाटे चार ते सात, खालच्या खोलीत, फरशीवर लाकडी पाट आणि त्यावर लॅपटॉप. दोन्ही इंजिनांना १ थ्रेड, २५६ एमबी हॅश, पाँडर बंद, बुक बंद. ओपनिंग म्हणून पांढऱ्याला थोडी आघाडी असलेल्या दोनशे सुरुवाती घेतल्या आणि प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवली. समान पोझिशनपासून सुरू केले तर ताकदवान इंजिने बहुतेक डाव बरोबरीत सोडवतात आणि फरक झाकला जातो, हे भाऊंनी फोनवर समजावले. डावाला १० सेकंद आणि प्रत्येक चालीला ०.१ सेकंद. फिशटेस्टमध्ये छोट्या डावांसाठी हाच वेळ वापरतात. एका वेळी दोन डाव.

एकूण ४०० डाव. स्टॉकफिशने जिंकले ३००, बरोबरी ९६, हरले ४. म्हणजे ३४८ गुण, ८७ टक्के, इलोत सुमारे ३३० ची आघाडी. ज्या इंजिनशी परवा ११-९ झाले होते त्याच्याशीच.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला लाईट गेली. त्यानंतर बॅटरीवर झालेले डाव मी मोजले नाहीत, तिसऱ्या दिवशी पुन्हा खेळवले.

हरलेले चार डाव मी पटावर लावून पाहिले. दोन्हीकडे फक्त हत्ती आणि प्यादी उरलेल्या एका एंडगेममध्ये स्टॉकफिश बऱ्याच चाली बरोबरी दाखवत राहिले आणि मग एकदम हार दाखवू लागले. मुलांना तो डाव दाखवायचा आहे, पण नेमकी चूक कुठे झाली ते मला खात्रीने सांगता येत नाही.

धुळे_ई४ | २२ मे, सकाळी ९:१०

सर, फार मनापासून केले आहे तुम्ही. ही सेटिंग धाग्याच्या वर लावून ठेवा, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

मुलांबाबत एक सुचवते. डाव झाल्यावर लगेच इंजिन लावू देऊ नका. आधी आपली चूक कुठे झाली ते वहीत स्वतः लिहायचे, मग इंजिन उघडायचे. माझ्या प्रशिक्षकांनी मला तशी सवय लावली. इंजिन फक्त आकडा सांगते. तो आकडा तसा का, हे आपल्याला शोधावे लागते.

केळीबाग | २२ मे, दुपारी १:०५

सर, मग इंजिन नको. त्या पैशांत मुलाला स्पर्धांना नेतो. नाशिक, पुणे, जिथे म्हणाल तिथे. एसटीचे आणि राहण्याचे भागेल ना?

पटावरचा_भुसावळकर | २२ मे, दुपारी २:४०

दादा, तीन-चार स्पर्धा आरामात होतील. एंट्री फी धरून हिशेब रविवारी कागदावर करू.

अमळनेरी | २२ मे, रात्री ८:२०

सर, हत्तीच्या एंडगेमसाठी सिझिजी टेबलबेस लागेल. पटावर राजे धरून थोडीच सोंगटी उरली की त्यात प्रत्येक पोझिशनचे अंतिम उत्तर असते, अंदाज नसतो. पाच सोंगट्यांपर्यंतचा संच जेमतेम १ जीबीचा, तो पेनड्राइव्हवर देतो. सहाचा सुमारे १५० जीबी, तो आपल्याकडच्या नेटवर उतरवायला बसलात तर पावसाळा उजाडेल. माझ्याकडे हार्डडिस्कवर आहे. सात सोंगट्यांचा २०१८ मध्ये पूर्ण झाला, पण तो घरी ठेवण्यासारखा नाही. लिचेसवर ऑनलाइन पाहता येतो, मी तसाच पाहतो.

तुमच्या त्या डावात चूक झाली तेव्हा पटावर किती सोंगट्या होत्या?

पटावरचा_भुसावळकर | २२ मे, रात्री ८:४५

आत्ता मोजल्या. राजे धरून सहा.

अमळनेरी | २२ मे, रात्री ८:५०

मग हार्डडिस्कच घेऊन येतो. रविवारी सकाळच्या गाडीने जळगावला आहे, तिथून भुसावळला येईन. साडेदहापर्यंत पोचतो. तो डाव पटावर लावून ठेवा, मुलांनाही बोलवा.